हातभर लाकडं

"बाबा, लहानच बुखारी घ्या," मनालीतल्या शेगड्यांच्या दुकानात मी पुन्हा म्हणाले. "स्वयंपाकघर तापलं की तुम्हाला पुरे. मी काय, थंडी सरली की जाईन."

नोकरीसाठी मनालीत आलेले बाबा निवृत्तीनंतर इथेच राहिले होते. संसार मोडून मी महिन्यापूर्वी त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. राहा असंही म्हणाले नाहीत.

मोठ्या लोखंडी बुखारीत कोपरापर्यंत हात घालून ते म्हणाले, "हिचा पाइप वर नेला की तुझी खोलीही तापेल."

"पण लाकडं जुन्या, लहान बुखारीच्या मापाने कापलीत ना?"

"यंदा हातभर लांब कापून घेतलीत." त्यांनी बुखारीचं दार लावलं. "तू आलीस, त्याच दिवशी लाकूडवाल्याला सांगितलं."