पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे

ऐक, एक गोष्ट सांगतो. गोष्ट ऐकायला काही पास लागत नाही. ऊन लागत असेल तर सावलीला सरक, पण मध्ये तोडू नकोस. मला तोडलं की मी पहिल्यापासून सुरू करतो, घरचे वैतागलेत त्याला.

तर एक गेटवाला होता. क्लोरीनच्या कारखान्यावर. टाक्या अशा दांडग्या, की एक जरी फुटली तर वारा जाईल तिकडची वस्ती आडवी. त्याला सगळे कुलूपराव म्हणायचे. गेटही बंद आणि तोंडही बंद. बोलायचा फक्त बायकोशी. तिचं काळीज नाजूक होतं. जिना चढली की ओठ निळे पडायचे. तिची औषधं कंपनीच्या दवाखान्यातून यायची. नोकरी होती तोवर औषध होतं, सरळ हिशेब.

मग सरकारनं नवे नियम आणले. कुठंतरी कुणी नको तो माणूस टाक्यांपर्यंत पोचला होता म्हणे. नियम वाईट नव्हता. माझी पोरंही त्याच वस्तीत झोपायची, मी कशाला नावं ठेवू? फोन कपाटात बंद. छातीवरची नावाची पट्टी गेली, नंबर आला. बाहेरच्यानं पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे थांबायचं. आणि आत कोण कामाला आहे, कोण नाही, हे कुणालाही सांगायचं नाही.

गेटवाले हे पाळतात का, ते बघायला सरकार सोंगं पाठवायचं. कधी पार्सलवाला, कधी पोटुशी बाई. कुलूपरावचा जोडीदार होता जाड्या, मऊ माणूस. त्याच्याकडे एक पोरगा रडत आला. काका आत आहेत, आजी चालली, म्हणाला. जाड्या म्हणाला, "हो रे बाळा, आहेत, बोलावतो." पोरानं डोळे पुसले आणि खिशातून सरकारी ओळखपत्र काढलं. जाड्या त्याच संध्याकाळी घरी.

साहेबानं कुलूपरावला बोलावून सांगितलं, "पुढची चूक तुझी झाली तर तूही."

कुलूपरावनं घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही कसले फसताय. लग्नात माझ्या बहिणींना तुमचा बूटसुद्धा पळवता आला नाही."

मग एका दुपारी गेटसमोर टॅक्सी थांबली. ड्रायव्हर घाईत उतरला आणि पिवळा पट्टा ओलांडून आला.

"मागं व्हा," कुलूपराव म्हणाला.

"अहो, एका माणसाला न्यायला आलोय. त्याची बायको घरात पडलीय. शेजारणीनं धाडलं मला. फोन लागत नाही त्याचा."

"फोन कुणाचाच लागत नाही इथं. मागं व्हा."

"झालो मागं. आता बोलवा त्याला. नाव आहे..."

"नाव घेऊ नका," कुलूपरावनं हात वर केला. "कोण आहे, कोण नाही, मला माहीत नाही."

"गेटवर बसून माहीत नाही?"

"नाही."

"भाऊ, बाई तोंडानं श्वास घेतेय. त्याचंच नाव घेतेय सारखं."

कुलूपरावला जरा हसूच आलं. म्हणाला, "मागच्या वेळचा निदान रडत तरी होता. तुम्हाला साधं रडायला पण शिकवलं नाही?"

आता तो ड्रायव्हर कशाला रडेल? बाई त्याच्या नात्याची ना गोत्याची. तो चिडला. चार शिव्या दिल्या. कुलूपरावनं केबिनची काच लावून घेतली आणि आत साहेबाला कळवलं. साहेब म्हणाला, "पाहणीच असणार. हाकलून दे." शेजारी टँकर घरघरत उभा होता. ड्रायव्हरनं काचेवर हात आपटत नाव सांगितलं, दोनदा. आत फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. मग तो गेला.

सुटी झाली तेव्हा साहेब स्वतः गेटवर आला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "जमलं तुला."

कुलूपराव खुशीत निघाला. कपाटातून घेतलेला फोन तसाच खिशात टाकला, बघितलासुद्धा नाही. आज कसं सोंग ओळखलं, ते बायकोला रंगवून सांगायचं होतं. वाटेत स्वतःशीच जुळवत चालला होता, आधी काय सांगायचं, काय मागून.

गल्लीच्या तोंडाशी माणसं होती. त्याला बघून ती बाजूला झाली. त्याच्या दाराशी ती टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर तिला टेकून उभा, कारण असं घर सोडून एकदम निघता येत नाही माणसाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "तुम्हीच होय?"

शेजारीण बाहेर आली. म्हणाली, "भाऊजी, दुपारभर दाराकडे बघत होती हो."

नियम त्यानं पाळला होता. कुणी त्याला बोल लावला नाही, आणि त्यालाच ते जास्त लागलं. पुढं बरीच वर्षं त्यानं गेट सांभाळलं. कुणी आलं की आधी त्याच्या ओठांकडे बघायचा.

तो ड्रायव्हर मी. त्या दिवसापासून एक धडा घेतला, गेटवर जाऊन सरळ निरोप सांगायचा नाही, माणूस आपल्याला सरकारी सोंग समजतो. म्हणून तुला आधी गोष्ट सांगितली. आणि घाई असती, तर इतका वेळ बोलत बसलो असतो का, पोरा? तुझ्या भावानं पाठवलंय मला. तुझ्या वडिलांना दवाखान्यातून घरी आणलंय, गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलीत. तो गेटचा दांडा जोडीदाराच्या हातात दे, टोपी काढून ठेव आणि ये, माझ्या गाडीत बस.