गालातला छर्रा

मास्तरांनी डबीतले दोन छर्रे उचलून गालात टाकले आणि काउंटरवरची रायफल हातात घेतली. स्प्रिंगची हवाई रायफल ताणायला दोन्ही हात लागतात, मग छर्रे ठेवायचे कुठे? तोंडात. ही त्यांची जुनी खोड. शिसं पोटात जाईल म्हणून मुलगी कानीकपाळी ओरडून थकली होती. मास्तर ऐकतील तर शपथ.

रायफल घ्यायची होती चष्मेवाल्याला. हा होऊ घातलेला जावई, झालेला नव्हे. चष्म्याचं छोटं दुकान, कमाई बेताची, बोलणं त्याहून बेताचं. मुलीने त्याला केव्हाच पसंत केलं होतं, पण मास्तर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. क्लबात त्यांनी अर्ध्या गावाला नेमबाजी शिकवलेली. माणूस ओळखायचा तर त्याच्या हातात बंदूक द्यावी, हे त्यांचं ठाम मत. शेवटी म्हणाले, याला रविवारी नेमबाजी करायची आहे ना, मग परवडेल अशी एक रायफल निवडू. ती निवडून होईपर्यंत माझंही ठरेल. त्यामुळे आज दुकानात रायफली कमी आणि चष्मेवालाच जास्त पारखला जात होता.

पहिला घोटाळा त्याने आल्याआल्याच केला होता. दुर्बीण लावलेली चकचकीत रायफल उचलली आणि बोट थेट चापावर ठेवलं.

"बोट," मास्तर म्हणाले. एवढंच. चष्मेवाल्याचे कान लाल झाले.

आता धडा सुरू झाला. स्वस्त रायफलीवर दुर्बीण घेऊ नये. स्प्रिंगच्या धक्क्याने ती चार दिवसांत खिळखिळी होते. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. नळी अशी मोडून, म्हणजे मधून खाली वाकवून, स्प्रिंग ताणून बघावी. धापा टाकाव्या लागल्या तर ती आपली नव्हे. आतला दट्ट्या कुरकुरला तर तीही नव्हे. आणि रायफल कुणाचीही असो, ती भरलेलीच आहे असं समजून धरावी. मास्तरांचं तोंड धडा देत होतं, हात आपलं काम करत होते. नळी खाली गेली, वर आली, खट्कन मिटली. तेवढ्यात त्यांना दस्त्याचा उडालेला टवका दिसला. त्यांनी रायफल काउंटरवर आडवी ठेवली आणि आत माल काढत बसलेल्या दुकानदाराला हाक मारली. टवका उडालेल्या मालाला पुरी किंमत कशी?

घासाघीस चांगलीच रंगली. दुकानदार नमला. फोनवर बोलायला बाहेर गेलेली मुलगी परत आली, तेव्हा मास्तर खुशीत होते.

"हीच घ्या," ते म्हणाले. चष्मेवाल्याशी ते इतकं गोड पहिल्यांदाच बोलले होते. मुलीला वाटलं, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

दुकानामागे नेम तपासायला एक लांब बोळ होता आणि त्याच्या टोकाला माती भरलेली पेटी. पेटीवर लावायचं नवं कार्ड आणायला चष्मेवाला आतल्या खोलीत गेला. मुलीने रायफल उचलली. मास्तरांचीच मुलगी ती, तिलाही रीत माहीत होती. नळी तिने बोळाकडेच धरली. समोर कुणी नव्हतं. चाप जड आहे की हलका, तेवढंच तिला बघायचं होतं. स्प्रिंग ताणलेली नसली की चाप नुसता हलतो.

बोळाच्या टोकाला आतल्या खोलीचं दुसरं दार होतं. त्या दारातून चष्मेवाला कार्ड चेहऱ्यासमोर धरून बाहेर आला.

"सरळ आहे का?" त्याने विचारलं.

फट्. आवाज तो केवढा, हातातलं पुस्तक फरशीवर पडावं तेवढा.

कार्ड हळूहळू खाली आलं. चष्मा जागच्या जागी होता. त्यामागचे डोळे विस्फारलेले होते आणि उजव्या कानाची पाळी फाटून रक्त कॉलरवर ठिबकत होतं. छर्रा बोटभर इकडे लागला असता तर डोळाच होता. दुकानदार मटकन स्टुलावर बसला. मुलगी रायफल हातात धरून तशीच उभी राहिली. तिला ती खाली ठेवायचंही सुचेना.

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली होती. पण त्यांना भीती वाटली की आधी राग येई.

"भरलेली रायफल कोणी ठेवली इथे?" ते चष्मेवाल्यावर गरजले. "तुम्हीच ना?"

चष्मेवाला रुमाल कानाला लावून बोळातून चालत आला. त्याने मास्तरांच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला. "माझ्याकडूनच राहिली."

मुलीने रायफल काउंटरवर ठेवली.

"बाबांनी एवढं सांगूनही?" ती म्हणाली. "अरे, माझ्या हातून तू मेला असतास."

त्याने मान खाली घातली. आता बोलायचं राहिलं होतं फक्त मास्तरांनी. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, दुकानदारही बघत होता. इतके दिवस अडलेला निकाल अखेर लागला होता, तो सांगायला त्यांनी तोंड उघडलं. जीभ सवयीने गालात गेली. तिला छर्रा लागला. मग ती दुसऱ्या गालात गेली. दातांमागे गेली, हिरड्यांवरून फिरली, परत पहिल्या गालात आली.

मास्तर तोंड उघडं टाकून तसेच उभे राहिले.

मग त्यांनी हात तोंडाशी नेला आणि छर्रा काढून काउंटरच्या काचेवर ठेवला. तो ओला छर्रा काचेवर अर्धा फेरा गरगरला आणि थांबला.

"दोन टाकले होते मी," मास्तर म्हणाले.