पोटातल्या कोकराचं तांबं

सुंदरने मेंढीची दोरी मनगटाला गुंडाळून घेतली आणि ती कुंपणाच्या तोंडाशीच खाली बसली. सुंदरला स्वतःला सातवा महिना होता. बसायला जमिनीवर हात टेकावा लागला, पण बसली ती बसलीच.

बाहेर साक्रीचा व्यापारी मुख्तार ताटकळला होता. मेंढी न्यायला त्याला सुंदरच्या सासूनेच, झुंबरबाईने, बोलावलं होतं. त्या मेंढीची दोन्ही वेतं वाया गेली होती. कोकरं जन्मली ती मागचे पाय ओढतच. आता ती पुन्हा गाभण होती आणि झुंबरबाईला तिसरं लुळं कोकरू बघायचं नव्हतं.

"इना आंगमाच काही नही," ती म्हणाली. "धाडी दे इले."

सुंदरने मान वर केली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल महिन्याच्या आत गेलं, तेव्हा 'हिच्या अंगातच काही नाही' हेच शब्द तिच्याबद्दल बोलले गेले होते. तेव्हा ती गप्प राहिली होती. आज तिने फक्त एवढंच सांगितलं की मेंढी जाणार नाही. मेंढीबरोबर हिलाही बांधून ने, असं झुंबरबाईने मुख्तारला सुनावलं. मुख्तार हसला नाही.

तेवढ्यात ढोरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल आली. मागच्या महिन्यात शेजारच्या भटूची गाभण मेंढी नाल्यात पडून मेली होती. डॉक्टरांनी तिच्या आणि पोटातल्या कोकराच्या, दोघांच्या कलेजीचे तुकडे तपासायला पाठवले होते. आता इथली कोकरं लुळी का जन्मतात त्याचं कारण कळलं होतं, म्हणून ते घरोघर सांगत निघाले होते.

कोकराच्या पायांत बळ यायचं तर अंगात तांबं लागतं, ते म्हणाले; अगदी कणभर. ते चाऱ्यातून आईला मिळतं आणि पोटातच कोकराकडे जातं. इथल्या चाऱ्यातच ते कमी आहे. जन्मल्यावर कोकराला औषध पाजून गेलेले पाय परत येत नाहीत. पाजायचं ते गाभण मेंढीला, आणि मापातच. जास्त झालं तर मेंढी मरते.

भटूच्या कोकराला किती मिळालं होतं, झुंबरबाईने विचारलं. थोडं होतं, पुरेसं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

"आन् मायले काय उरनं?" सुंदरने विचारलं.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "कोकराहूनही कमी. जवळजवळ काहीच नाही. होतं ते तिने पोटातल्याला देऊन टाकलं होतं."

मुख्तार मेंढी न मागताच वाटेला लागला. डॉक्टरांनी औषध मोजून काढलं. सुंदरने मेंढीचं तोंड घट्ट धरलं आणि एक थेंब सांडू दिला नाही.

ऊन वर आलं होतं. मेंढ्या चरायला न्यायची वेळ झाली. रोजच्यासारखा सुंदरने काठीसाठी हात पुढे केला. काठी झुंबरबाईने आधीच उचलली होती.

"तू बठ," ती म्हणाली. "मेंढ्या आज मी लई जासू."