हिरवे ठिपके

हासिंतोचा संगणक तपासणीत नापास झाला आणि एल्मेरने तो पूर-कार्यालयाच्या जाळ्याच्या दाराबाहेर ठेवला. डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजणारं हासिंतोचं ठाणं. संगणक जुनाट, विषाणूंपासूनचा बचाव दोन महिने मागे पडलेला.

"बाळा, इकडे आभाळ फाटलंय," म्हातारा हासिंतो फोनवर म्हणाला. "आजचा दिवस घे आत. उद्या करतो त्याचं औषधपाणी."

"काका, आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच दारात उभे राहतील. आधी दुरुस्ती उतरवून घ्या."

"इथली लाइन म्हणजे गोगलगाय. संध्याकाळ होईल रे!"

"मग संध्याकाळी या."

एल्मेर काही वाईट माणूस नव्हता. गेल्या वर्षी अशाच एका आजारी यंत्रामुळे पूर-कार्यालयाचं सगळं जाळं आठवडाभर आडवं झालं होतं, आणि शिव्या खाल्ल्या होत्या त्याने एकट्याने. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून त्याची तपासणी मंत्र्याच्या मेहुण्यालाही सोडत नसे. नापास झालेले दिवसभर फोन करून रडगाणं गातात, म्हणून जेवणाआधी त्याने ऑफिसचा फोन काढून ठेवला. मग निवांत बसून घेवड्याचं सारण भरलेल्या दोन बालेआदा खाल्ल्या.

चारच्या सुमाराला खिशातला मोबाइल वाजला. बहीण होती, नोएमी. ती खाली नदीच्या बांधावर राहायची, दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू घेऊन.

"एल्मेर, पाणी गढूळ झालंय रे. लोक टेकडीवरच्या चर्चकडे निघालेत. आम्हीही निघू का? म्हातारीला उचलून न्यायचं म्हणजे..."

एल्मेरने भिंतीवरचा नकाशा पाहिला. सगळी ठाणी हिरवी. लाल ठिपका एकही नाही.

"कशाला जिवाला घोर लावून घेतेस? मी नकाशासमोर बसलोय. सगळं हिरवंगार आहे. चूल पेटव, कॉफी टाक."

त्यालाही कॉफीची तल्लफ आली. तो खाली गेला, दोन माणसांशी गप्पा मारल्या, कप घेऊन वर आला. नकाशाकडे सहज नजर गेली आणि तिथेच अडकली. नदीच्या वरच्या अंगाला लाल नव्हता, हिरवाही नव्हता. ठिपकाच नव्हता. दाराबाहेर ठेवलेला संगणक नकाशावरून पुसला जातो. ती सोय त्यानेच करून घेतली होती, साहेबांना नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून.

त्याने हासिंतोला फोन लावला.

"आता आठवण झाली का रे, शहाण्या?" म्हातारा ओरडत होता आणि रडतही होता. "एक वाजल्यापासून लावतोय तुला! इथला पूल गेला. ते पाणी आता तुमच्या दारात आलं असेल!"

एल्मेरने बहिणीला फोन लावला. तिने लगेच उचलला. ती हसत होती.

"बरं झालं बाई तुला विचारलं! निम्मी वस्ती चर्चपर्यंत पोचली होती. मी धावत जाऊन सांगितलं, माझा भाऊ नकाशासमोर बसलाय म्हणून. एकूणएक सगळ्यांना परत घरी आणलं बघ."