अंबाडीचा नवा दोर

दौलताबादजवळच्या वाडीत विहिरीचा गाळ काढायचा होता. मागच्या वर्षी नायलॉनचा दोर कठड्यावर घासून तुटला आणि गाळ काढायला उतरलेल्या सांडूचा पाय मोडला. म्हणून बायको मंजुषा यंदा त्याला उतरू देत नव्हती. अंबाडीचा नवा दोर साठीच्या आवडाबाईंनी वळला होता. दोर वळणाऱ्याने आधी उतरायचं, ही वाडीची रीत. त्यांनी दोर कमरेला बांधला. "मावशी, ह्या वयात कशाला? दगड बांधून बघू," सांडू म्हणाला. "दगडाची वाट बघायला घरी कोण हाय रं? माणूस लटकल्याबिगर दोराची पारख व्हत नाय," म्हणत त्या उतरल्या. अर्ध्यावर लटकून त्यांनी मुद्दाम हिसके दिले. कठड्यावर दोर करकरला. "पुरं, वर या!" मंजुषा ओरडली. "थांब गं, तुझा भरोसा बसू दे," खालून उत्तर आलं, आणि पुन्हा हिसका. आवडाबाई वर आल्या. मंजुषाने दोर सोडवून घेतला आणि नवऱ्याच्या कमरेला स्वतः बांधला.