सावलीबाहेरची जागा

“मला सावलीच्या बाहेर बसवलंयस,” नकाशावरचं बोट न उचलता दादा म्हणाला.

“हो. तुझी जागा तीच,” धाकटी बहीण म्हणाली.

खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या दुर्बिणीच्या पेट्यांत डोकं घातलं. घरात तिला अजून भिंगरी म्हणत, पण वेधशाळेत मोहीम तिची होती आणि शब्दही तिचाच शेवटचा.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, पार बाहेरच्या कडेला, कोळशासारखा काळा एक लघुग्रह फिरत होता. चांगल्या दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपका दिसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एका ताऱ्याच्या आड येणार होता. त्याची सावली जिथून जाईल तिथल्या लोकांना तारा काही क्षण विझलेला दिसेल. ठिकठिकाणच्या वेळा जुळवल्या की त्या दगडाचा आकार कळेल. सगळ्यांना तिने सावलीच्या वाटेवर जागा दिल्या होत्या. दादाला मात्र वाटेपासून चांगलं लांब, एका शीतगृहामागच्या मोकळ्या आवारात.

“तिथे तारा विझणारच नाही.”

“नाही विझला, तर तेही कुणीतरी खात्रीने सांगायला हवं.”

दादाने नकाशावरचं बोट उचललं. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना मुलीच्या हाती देऊन मोकळा झालेला. भिंगरीला स्टुलावर उभी करून शनीची कडी पहिल्यांदा दाखवली ती त्यानेच. आता त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. म्हाताऱ्या भावाचं मन राखायला काहीतरी काम दिलंय, हे त्याने ओळखलं.

“मग जाऊ नका,” घरी बायको म्हणाली.

“जाणार. आणि काम नीट करणार.”

दिवेलागणीला तो आवारात पोचला, तोवर कॅमेरा रुसून बसला होता. दादाने त्याचा नाद सोडला. जुन्या पद्धतीने डोळा दुर्बिणीला लावला आणि वेळ बोलून सांगणाऱ्या घड्याळाशेजारी आवाज टिपणारं यंत्र सुरू केलं. बायको थर्मास मांडीवर घेऊन बसली.

“कोपऱ्यात बसवलंय, पण खुर्ची तरी बरी दिलीय,” ती म्हणाली.

दादा हसला नाही. हसलं की दुर्बीण हलते.

सावलीची वेळ आली आणि गेली. तारा जसाच्या तसा. बायको आवराआवर करायला उठली. दादाने डोळा काढला नाही. अजून ठरलेला वेळ संपायचा होता.

“गेला,” तो एकदम म्हणाला. आणि लगेच, “आला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळेत सगळे खुशीत होते. तारा सगळीकडे ठरल्याप्रमाणे विझला होता. दादाचं ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“पापणी लवली असेल, सर,” भिंगरीचा सहकारी अदबीने म्हणाला. “किंवा पाखरू आडवं गेलं असेल. त्यात डोळाही अजून नवा आहे.”

भिंगरीने भावाकडे पाहिलं. “दादा, तारा गेला होता?”

“गेला होता.”

“बरं.” ती सहकाऱ्याकडे वळली. “म्हणजे लघुग्रहाला चंद्र आहे; तारा त्याच्या आड गेला. आजच जाहीर करू.”

“पण मॅडम, कॅमेऱ्याचा पुरावा नाही. चूक निघाली तर नाव तुमचं खराब होईल.”

“होऊ दे.”

तिने तसं जाहीर केलं. परदेशातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. एकाने तर चंद्रापेक्षा चष्मा शोधा, असं सुचवलं. ती रोज ठरल्या वेळी कामाला येत राहिली. दादालाच घास गोड लागेना. आपल्या एका शब्दापायी भिंगरीची आयुष्यभराची कमाई पणाला लागली, हे त्याला सलत होतं. पण कुणीही विचारलं तरी उत्तर तेच, “गेला होता.”

पुढच्याच महिन्यात जगातल्या एका सगळ्यात मोठ्या दुर्बिणीने त्या लघुग्रहाकडे पाहिलं. ठिपक्याशेजारी आणखी एक बारीक ठिपका होता.

त्या दिवशी दुपारी भिंगरी थेट भावाच्या घरी आली. बऱ्याच दिवसांनी दादा पोटभर जेवला होता.

“नशीब बघ,” तो म्हणाला. “तू मला कोपऱ्यात टाकलंस आणि चंद्राची सावली नेमकी तिथूनच गेली.”

“नशीब कसलं? त्या लघुग्रहाचा उजेड मधेच, काहीतरी आडवं आल्यासारखा, किंचित कमी व्हायचा. चंद्र असला तर त्याची सावली शीतगृहावरून जाणार, हे मी आधीच मांडून ठेवलं होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तू त्याची वाट बघत बसला असतास. मग दिसलं ते खरं की मनातलं, कसं कळणार?”

“पण मग तिथे माझी नेमणूक का? इतके तरणे डोळे होते तुझ्याकडे.”

“दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मीही आधी कॅमेऱ्याचा पुरावा मागितला असता, दादा.”