तीन नंबरची प्लेट

"माय, तार बांधून देल्ली ना तुले! तरी सोलरच्या प्लेटीवरच लुगडं काऊन वाळू घालतं?" कुलदीप पुण्याहून फोनवर खेकसला.

तिकडं दूर गावी, उंद्रीच्या घरी रुखमाबाई एकटीच. साधा इनव्हर्टर स्वस्त होता, पण पोरानं हट्टानं दर प्लेटीले वेगळा मायक्रोइनव्हर्टर बसवला. कोणती प्लेट झाकली, ते त्याले मोबाईलवर दिसे. तीन नंबरची वीज रोज दहा वाजता खाली येई, अन् याचा पारा वर जाई.

"लुगडं टाकलं का तुहा फोन येते न, बाप्पा," माय हासली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले तरी तीन नंबर फुल्ल चालून राह्यली होती. त्यानं सात वेळा फोन लावला. नुसताच वाजत राह्यला.



"साहेब, मले आताच गावाले निघा लागते."